स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक पॅड: मराठवाड्यात रोजच्या वापराला कोणते चालतात

ब्रेक पॅडच्या डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो तापमानाचा आकडा. ६५०, ७५०, एखाद्यावर थेट ९०० अंश. मराठवाड्यात रोज रस्त्यावर असणाऱ्या गाडीला नेमका त्याच आकड्याचा सगळ्यात कमी उपयोग. सकाळी संभाजीनगरच्या सिडकोतून निघून जालना रोडने शेंद्र्याला जाणाऱ्या गाडीच्या डिस्क शंभर-दीडशे अंशांच्या पुढे क्वचितच जातात. समृद्धीवर जालन्याला चढून ताशी १२० ने तासभर एका लयीत चाललात तर ब्रेकला पायच लागत नाही. डिस्क वाऱ्याने थंड पडतात, आणि मग पुढचा ट्रक सिग्नल न देता लेन बदलतो. तो ब्रेक थंड पॅडचा असतो. गावाच्या वेशीवर पट्टे पुसून गेलेला गतिरोधक अचानक समोर येतो, तोही थंडच.

म्हणून इथे पॅडची परीक्षा उलट्या टोकाने केली आहे. दिवसातला सगळ्यात थंड ब्रेक कसा लागतो ते आधी, घाटातला सगळ्यात गरम ब्रेक त्यानंतर. आवाज, धूळ आणि डिस्कची झीज तिसऱ्या नंबरला. गाड्या धरल्या आहेत त्या ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटीआय, अबार्थ पुंटो, मिनी कूपर एस, बीएमडब्ल्यू एम३४०आय या जातीच्या. स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या १.५ लिटरवाल्यांनीही वाचावं, पण त्यातल्या ज्यांना मागे ड्रम आहेत त्यांचा संबंध फक्त पुढच्या चाकांशी.

ज्या संभाजीनगरने २०१० मध्ये एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि ज्याच्या शेंद्र्यात ऑक्टाव्हिया वर्षानुवर्षं जोडली गेली, तिथे चांगले पॅड दुकानात जाऊन मिळत असतील असं वाटतं. मिळत नाहीत. ब्रेकच्या धंद्याला हा जिल्हा काही नवा नाही, वाळूजची एन्ड्युरन्स दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. पण आरएस किंवा जीटीआयच्या मापाचा पॅड बहुधा ऑर्डर देऊनच मागवावा लागतो. तो कसा मागवायचा हे पुढे येईलच, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

आधी उष्णतेचा हिशेब. १५०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली तर सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. १२० वरून थांबवली तर सुमारे ८३०. वेग दीडपट, उष्णता सव्वादोनपट. पण ही एका वेळची गोष्ट. पुन्हा वेग घेईपर्यंत डिस्क निवते. घाटाचं तसं नसतं. ३०० मीटर उंची उतरताना हीच गाडी ४४०० किलोज्यूल सोडते, म्हणजे १२० वरून पाचदा कचकचीत थांबल्याइतकं, आणि मध्ये निवायला सवड नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट मे महिन्याच्या दुपारी, पुढे कंटेनरची रांग आणि गाडीत पाच माणसं, ही आपल्याकडची खरी कठीण परीक्षा. आणि तिच्यातही पॅडपेक्षा गिअर जास्त कामाचा. डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ‘डी’मध्ये ठेवून उतरलात तर गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरून बसतो आणि सगळा भार पॅडवर येतो. मॅन्युअलला टाकून दुसरा-तिसरा धरला की बराचसा भार इंजिन उचलतं. एवढं केलं तर कंपनीचा साधा पॅडही हा घाट निमूटपणे उतरतो.

घाटात ब्रेक ‘गेला’ म्हणणारे दोन वेगळे बिघाड एकाच नावाने सांगतात. पेडल दगडासारखं टणक आहे, पाय रोवून दाबताय, पण गाडी आवरत नाही: हा पॅडचा दोष. पॅडमधला मसाला ज्या फिनॉलिक राळेने बांधलेला असतो ती फार तापली की वायू सोडते आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसतो. दुसरा प्रकार, पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं. तिथे पॅडचा काही संबंध नाही, ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झालेत. अशा गाडीला महागडे पॅड टाकले तर दुखणं कायम राहतं आणि खिसा मात्र हलका होतो.

डॉट ४ ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. ऑइल हवेतलं पाणी आपोआप शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली तरी. आपल्याकडची हवा कोकणापेक्षा कोरडी आहे म्हणून तिसरं वर्ष काढणारे भेटतात. अर्ध्या उघड्या डब्यातलं जुनं ऑइल वापरणारा गॅरेजवाला त्यांचा सगळा हिशेब मोडतो. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला पातळ प्रकारचं डॉट ४ एलव्ही सांगितलं असेल तर तेच घाला. नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी ते यांच्यात मिसळायचं नाही.

आता पॅड. बहुतेक चांगल्या पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या ओळीच्या शेवटी दोन रोमन अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम असतानाच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला एफएफ किंवा त्याहून वर बघा. ईएफ किंवा ईजी दिसलं की समजायचं, हा पॅड तापल्यावर जागा होणार, आणि आपला गतिरोधक तोवर थांबत नाही. या अक्षरांवर फार भार मात्र टाकू नये. ही चाचणी इंचभर चौरस तुकड्यावर घेतलेली असते आणि ०.३६ व ०.४४ दोघांनाही एफच मिळतो. नको ते पॅड गाळायला चाळणी म्हणून ती चांगली. दोन चांगल्यांतला चांगला निवडायला अपुरी.

त्याहून विश्वासाची खूण म्हणजे युरोपचा आर९० शिक्का: वर्तुळात ई, शेजारी देशाचा आकडा, आणि पुढे ९०आर ने सुरू होणारा क्रमांक. या नियमात पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेरच असावी लागते. स्पोर्ट्स पॅड घेणाऱ्याला ही मर्यादा वाटते. एबीएस आणि ईएसपीची सगळी मांडणी मूळ पकड गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे रोजच्या गाडीला हे बंधन सोयीचंच आहे.

आणखी एक गोष्ट पैसे काढण्याआधी तपासा. रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ६० वरून जोरात ब्रेक दाबा. पेडल थरथरून एबीएस लागत असेल तर पॅडमध्ये आत्ताच टायरपेक्षा जास्त ताकद आहे. आणखी चावरा पॅड टाकून गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही. ते पैसे टायरचे. सहा वर्षांचे, कडक पडलेले टायर ठेवून ब्रेक पॅडवर संशोधन करणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत.

मूळ दर्जाचे पॅड: टेक्स्टार, एटीई, टीआरडब्ल्यू

जर्मन गाड्यांचे मूळ पॅड बहुतेक याच मंडळींकडून जातात. शोरूमच्या डब्यात गाडीच्या कंपनीचं चिन्ह असतं आणि आतल्या पॅडवर पुष्कळदा यांचं. एटीई २०२५ पर्यंत कॉन्टिनेंटलचा, टीआरडब्ल्यू झेडएफचा, आणि टेक्स्टार, मिन्टेक्स, रस्त्याचे पागिड हे टीएमडी फ्रिक्शनच्या घरातले. मसाला लो-मेटॅलिक. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात, म्हणून थंडीतही पहिल्याच स्पर्शाला पकड येते. थंड ब्रेकच्या परीक्षेत यांच्या पुढे कुणी नाही, घाटाच्या परीक्षेतही गिअरची साथ असली तर पास.

दोष दोन, आणि ते लपवण्यासारखे नाहीत. चाकं काळी होतात. ती पूड पॅडची तशीच डिस्कचीही असते, कारण हे पॅड डिस्कही खातात. दोन-अडीच पॅडच्या जोड्यांमागे डिस्कची एक जोडी धरून चला. आणि पावसाळ्यात पूड ओली राहिली तर अलॉयवर गंजाचे तांबूस ठिपके बसतात, ते नुसत्या शाम्पूने निघत नाहीत. एवढं चालत असेल तर बहुतेक मालकांनी इथेच थांबावं आणि पुढचं वाचन करमणूक म्हणून करावं.

ईबीसीचे रंग

इंग्लंडच्या ईबीसीने पॅडला रंगांची नावं दिली आणि त्यातच गोंधळ वाढला, कारण लोक रंग चढता आहे असं समजून पिवळ्याकडे धावतात. ग्रीनस्टफ हलक्या, वेगवान गाड्यांना रस्त्यासाठी. रेडस्टफ सिरॅमिक, कमी धुळीचा. यलोस्टफ जास्त पकडीचा, अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. ब्लूस्टफ त्याच्या पुढचा.

चाकं स्वच्छ राहावीत ही पहिली इच्छा असेल तर रेडस्टफ खरंच ती पुरी करतो. पूड फिकट, कमी, आणि पाण्याने धुवून जाणारी. डिस्कलाही सौम्य. पण सकाळचे पहिले दोन ब्रेक मऊ लागतात. पेडल नेहमीपेक्षा जरा जास्त दाबावं लागतं आणि ज्यांना मूळ पॅडच्या चटकन चावण्याची सवय आहे त्यांना हे खटकतं. डिसेंबरच्या पहाटे परभणी-नांदेडकडे निघालात तर हा मऊपणा स्पष्ट कळतो. आमच्या कसोटीवर तो इथेच गुण गमावतो. यलोस्टफ थंडीत त्याच्यापेक्षा लवकर पकडतो, मात्र पूड भरपूर आणि झीज लवकर. रोज गाडी चालवणाऱ्याला वर्षातून एकदा ट्रॅकवर जायचं असेल तर ठीक, एरवी त्याचं कारण दिसत नाही.

फेरोडो: डीएस परफॉर्मन्स आणि डीएस२५००

फेरोडो १८९७ पासून हेच काम करते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाने ती घोडागाड्यांच्या ब्रेकपासून सुरू केली आणि कंपनीचं नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, एक जास्तीची घालून केलंय. उसाने भरलेल्या बैलगाडीच्या चाकाला उतारावर लाकडाचा अडणा लावणाऱ्याला त्याची अडचण लगेच समजली असती.

डीएस२५०० ची कीर्ती मोठी आणि बरीचशी खरी. कंपनीच्या तक्त्यात घर्षणांक ०.४२ च्या आसपास आणि तो थंडीपासून ५०० अंशांपर्यंत जवळपास सपाट. हा सपाटपणाच त्याचा गुण: पहिल्या ब्रेकला जेवढा पाय, दहाव्यालाही तेवढाच. थंड परीक्षेत मूळ पॅडच्या बरोबरीला येतो, घाटात त्याला मागे टाकतो. पण किंचाळतो. गावातून सावकाश ब्रेक लावत जाताना, विशेषतः शेवटच्या दहा किलोमीटर वेगात, सायकलच्या जुन्या ब्रेकसारखा आवाज. पाठीला शिम (आवाज दाबणारी पातळ पट्टी) नीट नसेल तर तो सतत येतो. शिवाय याला आर९० नाही. रस्त्यासाठी आर९० घेऊन याच घरातून येतो तो डीएस परफॉर्मन्स: कमाल तापमानात थोडा मागे, पण शांत. औट्रम घाट महिन्यातून चार वेळा करणाऱ्या, गाडी खरंच वेगाने चालवणाऱ्या माणसाला मूळ पॅडच्या वरची पायरी म्हणून आम्ही डीएस परफॉर्मन्स सांगू. डीएस२५०० त्याला, ज्याला आवाजाची लाज वाटत नाही.

अमेरिकेचा हॉक एचपीएसही याच पायरीवरचा, थंडीत चांगला चावतो. पण आपल्याकडच्या गाडीचं माप मिळवायची खटपट जास्त आणि गुणात डीएस परफॉर्मन्सच्या पुढे जाणारं काही नाही.

खऱ्या रेस पॅडबद्दल एकच सांगायचं. तो तापायला दोन-तीनशे अंश मागतो आणि तेवढा तापला नाही तर घर्षणाऐवजी कानशीसारखं काम करतो: डिस्क खरवडतो, आवाज करतो आणि गाडी थांबवत नाही. ट्रॅकवर बायबलसारखी वाखाणलेली नावं इथे गतिरोधकावर आदळतात.

मागवताना

‘ऑक्टाव्हियाचे पुढचे पॅड द्या’ एवढं सांगून मागवलेला डबा परत करायची वेळ हमखास येते. एकाच साली, एकाच मॉडेलला दोन-तीन मापांच्या डिस्क बसलेल्या असतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाडीत डिकीत स्टेपनीजवळ किंवा सर्व्हिस पुस्तकाच्या पहिल्या पानावर बारीक कोडचा कागद असतो. त्यात सहसा १झेड ने सुरू होणारा कोड पुढच्या ब्रेकचा, १के ने सुरू होणारा मागच्या. तो कोड आणि चेसिस नंबर दुकानदाराला पाठवा. त्याहून पक्कं, जुना पॅड काढून त्याच्या पाठीच्या पत्र्यावरचा पाच आकडी डब्ल्यूव्हीए क्रमांक वाचा. तो आकार ठरवतो; ब्रँड कुठलाही असो, क्रमांक जुळला की पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात) बसतो. त्याच्यापुढे जाडीही दिलेली असते.

माल येतो पुण्याच्या नाना पेठेतून, मुंबईहून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल टाकलं की सकाळी संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठेही मिळतं. ही सोय चांगली, पण बनावट मालही याच वाटेने येतो. डबा उघडून बघायच्या गोष्टी: चारही पॅडवर एकच बॅच क्रमांक आहे का, मसाल्याच्या कडांना उतार नीट घासलेला आहे का, शिम रिव्हेट किंवा पक्क्या गोंदाने बसवलेली आहे का, की नख लावलं की सुटते, पत्र्यावरचं छापील अक्षर बोटाने पुसलं जातं का, मसाला आणि पत्रा यांच्या मध्ये कुठे केसाएवढी फट आहे का. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. मसाला पत्र्यापासून सुटणं म्हणजे १२० च्या वेगात लोखंडावर लोखंड. किंमत बाजारापेक्षा निम्मी सांगत असेल तर दुकानदार दानशूर आहे असं समजू नका.

पॅडसोबत तीन गोष्टी मागवा: कॅलिपरच्या स्टीलच्या क्लिपा, झीज कळवणारा सेन्सर, आणि ब्रेकसाठीचं ग्रीस. सेन्सर डॅशवर दिवा लावून एकदा घासला गेला की संपला. बीएमडब्ल्यूला तो सहसा पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे असतो, फोक्सवॅगन गटात पुढे डावीकडे.

बसवताना काय चुकतं

काम दोन तासांचं, पण घाईचं नाही. पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांना. पुढे चावरा आणि मागे साधा हे चालतं. मागे पुढच्यापेक्षा चावरा टाकला तर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग आधी धरतो आणि शेपूट फिरते.

डिस्क आधी मोजा. तिच्या कडेवर ‘मिन’ लिहून किमान जाडी कोरलेली असते. २५ मिमीच्या डिस्कला साधारण २२, ३० च्या डिस्कला २७. मायक्रोमीटरने पाच-सहा जागी मोजायचं, कारण झीज सारखी नसते आणि कडेचा उंचवटा मोजायच्या व्हर्निअर पट्टीला फसवतो. नव्या पॅडने किमान जाडीच्या खाली जाणार असेल तर डिस्कही आत्ताच. लेथवर कापून आणलेली डिस्क पातळ होते, पातळ डिस्क लवकर तापते. स्पोर्ट्स गाडीला आम्ही ते सांगत नाही.

कॅलिपर काढला की तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पॅड ज्या खाचेत सरकतो ती खाच तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करा. मराठवाड्यात इथेच सगळं अडतं. काळ्या मातीचा फुफाटा आणि रस्त्याच्या कामावरची खडीची पूड पाण्यात भिजून खाचेत सिमेंटसारखी बसते. पॅड बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. अडत असेल तर पॅडच्या कानाचा (पत्र्याच्या खाचेत बसणाऱ्या टोकाचा) जास्तीचा रंग कानशीने घासा, खाच नाही. गाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो ती) बाहेर काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा आणि रबरी बूट फाटलाय का बघा. एका बाजूचा पॅड संपला आणि दुसरा निम्मा शिल्लक अशी गाडी आली तर दोष जवळजवळ नेहमी पिनचा किंवा खाचेचा असतो, पॅडचा नसतो. इंजिनाचं साधं ग्रीस इथे लावणारे गॅरेज सोडून द्या. त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा. कुणी मधल्या काळात वरून ऑइल भरलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि ज्या रंगावर पडेल तो रंग सोलतं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. मागच्या चाकांना जास्त सावधपणा. हँडब्रेक बटणाचा असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड, मगच पिस्टनला हात. क्लॅम्पने जबरदस्ती केली की मोटार जाते आणि तिची किंमत पॅडच्या कित्येक पट. हाताने ओढायचा हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत पिस्टन फिरवत आत जातो, सरळ ढकलून नाही.

ग्रीस पॅडच्या पाठीला पिस्टन टेकतो तिथे आणि कानांना, पापुद्र्याइतकं. मसाल्यावर किंवा डिस्कवर बोट लागलं तर ब्रेक क्लीनरने पुसा. नवी डिस्क टाकत असाल तर हबचा (चाक-डिस्क ज्यावर बसतात त्या भागाचा) चेहरा गंज काढून आरशासारखा करा. हबवर तांदळाच्या कणीएवढा गंजाचा खपला राहिला तरी कडेला डिस्क डगमगते. डगमग साधारण ०.०५ मिमीच्या आत हवी. नवीन डिस्क ‘वाकडी निघाली’ अशा तक्रारींचं मूळ बहुतेक इथे असतं.

एटीईच्या नेहमीच्या सरकत्या कॅलिपरला पिन ३० न्यूटन-मीटर, स्कोडा-फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांना चाकाचे बोल्ट १२०. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघूनच. हवेच्या गनने आवळलेले बोल्ट पंक्चरच्या वेळी रस्त्यात सुटत नाहीत. आणि गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले तीन-चार दाब रिकामे जातात. गॅरेजच्या भिंतींवरचे बरेच ओरखडे हे विसरल्यामुळे आहेत.

बसवल्यानंतर

नवे पॅड पहिले २०० किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. त्यासाठी पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता शोधा. ८० वरून १५ पर्यंत बऱ्यापैकी जोरात, पण एबीएस लागणार नाही इतपत. असं आठ-दहा वेळा, दोन्हींमध्ये पुन्हा वेग घेत. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की तिथे त्याचा ठसा उमटतो, आणि पुढे ९० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. वाकलेली नसते, तिच्यावर डाग असतो. लवकर लक्षात आलं तर हीच क्रिया पुन्हा करून तो जातो. दहा फेऱ्यांनंतर ब्रेकला न शिवता आठ-दहा किलोमीटर चालवा. हँडब्रेक ओढू नका. थोडा करपट वास आला तर घाबरण्याचं कारण नाही. धूर आला तर थांबा. समृद्धीवर हा प्रयोग कुणी करू नये, तिथे मागचा माणूस १२० ने येतोय.

याउलट, फार हळुवार चालवणाऱ्यांचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड सोडतात. पॅड काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट पृष्ठावर आठ आकडा काढत घासला आणि पुन्हा बसवून वरची क्रिया केली की बहुतेक वेळा काम होतं. घासताना मास्क लावा, कॉम्प्रेसरची हवा मारून पूड उडवू नका.

लांबून आल्याआल्या बोअरचं गार पाणी तापलेल्या चाकांवर मारू नका. अर्धा तास जाऊ द्या. धुतल्यावर गाडी तशीच रात्रभर हँडब्रेक ओढून उभी केली तर पॅड गंजाने डिस्कला चिकटतो आणि सकाळी ‘टक्’ करून सुटतो. धुतल्यावर गल्लीत एक फेरी मारून दोन-चार ब्रेक दाबले की डिस्क कोरड्या होतात.

कारखाने चालू असतात त्या काळात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, लातूर, धाराशिव, बीडकडे रात्री जाणाऱ्यांनी पॅड दर ५,००० किलोमीटरला बघावेत. मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, दोन्ही ब्रेकच्या जिवावर असतात. नवा पॅड पत्रा सोडून साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमीला तो बदला. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून दिसतो. आतला दिसत नाही आणि पुष्कळदा तोच आधी संपतो, म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बसा.

आणि एखाद्या दिवशी खडीच्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज सुरू झाला तर लगेच पॅड संपले म्हणून गॅरेज गाठू नका. डिस्क आणि तिच्यामागच्या धूळरोधक पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागेत दहा-वीस फूट मागे-पुढे करा, पडतो. नाही पडला तर चाक काढून स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा दोन मिमी मागे वाकवा, खडा काढा, पत्रा सरळ करा.